वळचणीतली वटवाघळं दरवर्षी परत का येतात, आणि न मारता ती कायमची बाहेर कशी काढायची

मे महिन्यात घर शाकारताना कौलांखालचं भोक सिमेंटने बुजवलं. जून लागला आणि माळ्यावरून कुजका वास सुटला. दिवाळीपर्यंत शेजारच्या पाखातून, म्हणजे छपराच्या उतारातून, पुन्हा लेंड्या पडायला लागल्या. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज, आजरा, मुरगूड, मलकापूर, कुठल्याही कौलारू वस्तीत तक्रार बहुधा याच क्रमाने येते. कारणंही ठरलेली आहेत. भोक चुकीच्या महिन्यात बुजवलं, ते बुजवताना जनावरं आतच होती, आणि दहा फटींपैकी एकच बुजवली.

आपल्याकडे छपराची कामं एप्रिल-मेमध्येच होतात, कारण पुढे राधानगरी-गगनबावड्याकडचा पाऊस कौलाला हात लावू देत नाही. वटवाघळांच्या दृष्टीने मात्र हाच सगळ्यात वाईट काळ. तेव्हा माद्या पोटुश्या असतात किंवा आत उघडी, गुलाबी पिल्लं लटकलेली असतात. आई रात्री चरायला जाते, पिल्लू मागेच राहतं. भोक बंद झालं की पिल्लं आत मरतात. आया बाहेर घिरट्या घालतात, मिळेल त्या फटीतून घुसतात, कधी थेट खोलीत येतात. वास, अळ्या आणि नवीन वाट या तिन्ही गोष्टी त्या एका तगारीभर सिमेंटातून निघतात.

आधी खात्री करा, ती वटवाघळंच आहेत का

छोट्या वटवाघळांना बोलताना पाकोळ्या म्हणतात आणि पाकोळी नावाचा पक्षीही आहे. त्यामुळे इथूनच घोळ सुरू होतो. पाकोळी पक्षी दिवसा ये-जा करतो, अंधार पडताना घरट्यात परततो, आणि स्लॅबखाली पिसं व काड्या लाळेने चिकटवून घरटं करतो. वटवाघूळ त्याच वेळी बाहेर पडतं, घरटं करत नाही.

लेंडीवरूनही कळतं. हातमोजा घालून किंवा कागदात धरून एक लेंडी दाबा. किडेखाऊ वटवाघळाची लेंडी कोरडी असली की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे, पाठीच्या कवचाचे चकाकते तुकडे दिसतात. उंदराची लेंडी कडक असते, भुगा होत नाही. पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. पोर्चमध्ये सकाळी चघळलेल्या चोथ्याचे गोळे, अशोकाच्या बिया, पेरू-चिकूचे तुकडे आणि भिंतीवर पातळ फवारे दिसले, तर ते फळं खाणारं वटवाघूळ. ते तुमच्याकडे राहत नाही, रात्री फळ आणून खायला लटकतं. त्याच्यासाठी भोकं बुजवण्याचा काही उपयोग नाही. ते ज्या हुकाला, तारेला किंवा खडबडीत कोपऱ्याला लटकतं, तिथे पंजा रुतणार नाही असा गुळगुळीत ऑइल पेंट मारा किंवा प्लास्टिकचा पत्रा ठोका. जुन्या ओसाड वाड्यात जमिनीवर पतंगांचे पंख आणि बेडकाचे पाय पडलेले दिसले, तर ती मांसाहारी मोठ्या कानांची जात असते. तीही काढण्याची पद्धत पुढे दिली आहे तीच.

वडावर-पिंपळावर शेकड्यांनी लटकणारी मोठी वटवाघळं वेगळी. ती घरात शिरत नाहीत. त्यांच्या झाडाला हात लावू नका.

धूर, गोळ्या, यंत्रं

मिरचीची धुरी, गोवऱ्यांचा धूर, डांबरगोळ्या, फटाके, रात्रभर हॅलोजन, आवाजाची यंत्रं हे सगळं लोक करून पाहतात. धुराने वटवाघळं बाहेर जाण्याऐवजी भिंतीच्या आत आणखी खोल सरकतात किंवा खाली खोलीत उतरतात. पिल्लं असतील तर धुरात आई हलतच नाही. माळ्यावर कडबा किंवा चिपाड असेल तर धुरी म्हणजे आगीला आमंत्रण. डांबरगोळ्यांचा वास वटवाघळाला हलवण्याइतका वाढवला तर तो आधी खाली झोपलेल्या माणसांना बाधतो. आवाजाच्या यंत्रावर पैसे घालू नका. चिकट सापळा लावू नका, त्यात जनावर तासन् तास तडफडतं आणि जागा मोकळी होतच नाही.

मारणं तर नकोच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, म्हणून 'मारली तरी चालतात' हे अजून लोकांच्या डोक्यात आहे. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढली, आणि हा बदल 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. शेतकऱ्याला कायद्यापेक्षा जवळचं कारणही आहे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. पुढे त्यांच्याच अळ्या उसाची मुळं खातात. घरात राहणारं पिवळ्या पोटाचं वटवाघूळ मुख्यतः भुंगेऱ्यांवरच जगतं. ते घरातून जावं, शिवारातून जाऊ नये, असंच काम करायला हवं.

कधी करायचं

सर्वांत सुरक्षित काळ मध्य नोव्हेंबर ते जानेवारीअखेर. पावसाळी पिल्लं तोवर उडती झालेली असतात, उन्हाळी वीण सुरू झालेली नसते, आणि कौलावर चढता येतं. एप्रिल ते सप्टेंबर काहीही बुजवायचं नाही. पण नुसत्या तारखेवर विसंबू नका, कारण अगदी छोट्या जाती थंडीतही वितात. काम सुरू करण्याआधी रात्री प्रौढ वटवाघळं बाहेर गेल्यावर तासाभराने माळ्यावर जाऊन टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून बघा. त्या वेळी वाशाला चिकटलेले लहान, उघडे किंवा राखाडी लवेचे जीव दिसले किंवा बारीक चिवचिव ऐकू आली, तर काम सहा आठवडे पुढे ढकला. मधल्या काळात लेंड्यांखाली जुनी ताडपत्री अंथरा. एवढा धीर धरला नाही तर मेचीच गत डिसेंबरात होते.

वाट शोधणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. निदान तीन संध्याकाळ द्या. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पावणेसहा ते सात या वेळेत घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन माणसं बसवा. वळचण आकाशाच्या उजेडावर दिसेल अशी जागा निवडा, म्हणजे बाहेर पडणारी काळी आकृती चुकत नाही. किती बाहेर पडली ते मोजा आणि कागदावर लिहा, नंतर हाच आकडा लागतो.

दिवसा त्या जागी जाऊन भोक जवळून बघा. वापरातल्या भोकाच्या कडा तपकिरी आणि तेलकट होतात, चुन्याच्या भिंतीवर बोट फिरवलं तर डाग बोटाला चिकटतो. खालच्या भिंतीवर लेंड्या अडकलेल्या असतात. कोळ्याची जाळी शाबूत असलेलं भोक सहसा वापरात नसतं. शंका असेल तिथे वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवा. सकाळी तो खाली पडलेला असेल तर ती वाट चालू आहे.

छोट्या जातीला आंगठा जाईल एवढी, साधारण दीड सेंटिमीटरची फट पुरते, आणि चपट्या फटीतून ती त्याहूनही कमी जागेत सरकते. म्हणून बुजवताना हिशेब पेन्सिलीचा ठेवा. पेन्सिल जाते ती फट बुजवायची.

कौलारू घरात पाहायच्या जागा म्हणजे आढ्याच्या दोन्ही टोकांची पोकळी, वळचणीला शेवटच्या ओळीच्या कौलाखालची फट, वाशाचं टोक जिथे भिंतीत जातं ती जागा, फुटकी किंवा सरकलेली कौलं. पत्र्याच्या शेडमध्ये ती तापणाऱ्या पत्र्याला फारशी लटकत नाहीत. भिंत आणि पन्हळी यांच्यामधली फट आणि बॉक्स पाइपची उघडी तोंडं त्यांना आवडतात. पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची टोपी बसवा, पण पाइप रिकामा असल्याची खात्री करून. स्लॅबच्या घरात दुकानाच्या शटरची पेटी, नावाच्या फलकामागची जागा, एसीच्या नळीचं भोक आणि दोन इमारतींमधला सांधा तपासा.

आधी बाकीचं बुजवा, मुख्य वाट उघडी ठेवा

क्रम उलटा झाला की वटवाघळं घरात येतात. सर्वांत आधी आतल्या फटी, म्हणजे माळा आणि राहती खोली यांच्यामधल्या: छताच्या फळ्यांच्या सांध्यांतल्या, वायरच्या पाइपभोवतीच्या, दाराच्या चौकटीवरच्या. मग बाहेरच्या वापरात नसलेल्या फटी. वापरातली एक किंवा दोन भोकं तशीच ठेवा.

वळचणीसाठी पाव इंची, म्हणजे 6 मिलिमीटर घराची जस्ताची वेल्डेड जाळी घ्या. 15 सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, कौलाच्या वळणाप्रमाणे वाकवा आणि वळचणीच्या फळीला दर 10 सेंटिमीटरवर खिळा ठोका. आढ्याच्या टोकांना विटेचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा माल. गोणपाट, चिंध्या किंवा थर्माकोल भरू नका, आठवड्यात ओढून बाहेर येतात. फवारून फुगणारा फोम एकट्याने वापरू नका. ओल्या फोमला आणि ओल्या सिलिकॉनला वटवाघळाचे पंख चिकटतात, आणि वाळल्यावर उंदीर तो कुरतडतो. वापरायचाच तर जाळीच्या मागे, आणि सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळेल. मासेमारीची किंवा मोठ्या घराची नायलॉन जाळी तर घरात आणूच नका, त्यात ती अडकून मरतात.

खापरीच्या, म्हणजे नळीच्या कौलांच्या छपराला प्रत्येक फट बुजवायचा नाद सोडा. शेकडो फटी असतात आणि माकडं, वारा, पाऊस मिळून दरवर्षी नव्या करतात. तिथे राहत्या खोलीचं आतलं छत घट्ट करा आणि छप्पर त्यांना राहू द्या.

एकतर्फी दार

उरलेल्या मुख्य भोकावर असं दार बसवायचं की जनावर बाहेर पडेल पण परत आत येणार नाही. दोन प्रकार आहेत आणि निवड भिंतीवर ठरते.

गिलावा केलेली सपाट भिंत असेल तर खिडकीला लावतात ती फायबरची मच्छरजाळी चालते. भोकाच्या वर 15 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना 30 आणि खाली 60 सेंटिमीटर जाईल एवढा तुकडा कापा. वरची कड आणि दोन्ही बाजू पट्टी ठोकून भिंतीला लावा, खालची कड मोकळी सोडा. जाळी ताणू नका. भिंतीपासून तीन-चार सेंटिमीटर सुटी लोंबली पाहिजे, कारण वटवाघूळ भोकातून निघून भिंत आणि जाळी यांच्यामधून खाली सरपटत जातं. परतताना ते थेट भोकाच्या वासावर येतं, जाळीवर आदळतं, पण खालून वळसा घालून आत शिरायचं त्याला सुचत नाही.

काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीवर जाळी फसते. दगडाच्या खडबडीत तोंडाला पंजे रोवून ते खालून वर चढतं. तिथे पीव्हीसी पाइप वापरा. ठिबकच्या दुकानात दोन इंची म्हणून मिळतो तो 63 मिलिमीटरचा पाइप, 25 सेंटिमीटर लांब तुकडा, आतून गुळगुळीत. कापलेल्या कडा पॉलिशपेपरने घासून घ्या, नाहीतर पंख फाटतो. पाइप भोकात एखाद-दोन सेंटिमीटरच जाऊ द्या, बाहेरचं तोंड खाली झुकतं ठेवा आणि भोवतीची जागा जाळीने किंवा मालाने बंद करा. बाहेरच्या तोंडाला पातळ प्लास्टिकची 20 सेंटिमीटर लांब बाही टेपने गुंडाळा. ही बाही आपोआप मिटली पाहिजे. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक यासाठी जाड पडतं, किराणा दुकानातली पातळ पिशवी बरी. पाइपच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर पंजा टिकत नाही आणि मिटलेली बाही आतला रस्ता दिसू देत नाही. लांब फट असेल तर दर दोन मीटरवर एक पाइप द्या.

दार बसल्यावर पहिल्या संध्याकाळी पुन्हा मोजायला बसा. बाहेर पडणाऱ्यांचा आकडा आधीच्या आकड्याच्या जवळ आला पाहिजे. दार सात रात्री राहू द्या. पावसाच्या किंवा कडाक्याच्या थंडीच्या रात्री मोजू नका, कारण त्या रात्री काही जणं बाहेर पडतच नाहीत. सातव्या संध्याकाळी एकही बाहेर आलं नाही आणि दुसऱ्या दिवशी टॉर्च मारून आत कोणी दिसलं नाही, तर त्याच दिवशी दार काढून भोक कायमचं बुजवा. 'उद्या गवंडी येईल' म्हणून एक रात्र उघडं ठेवलं तर आठवड्याची मेहनत गेली.

दार लावूनही अडलं तर

दिवसा आतून चिवचिव वाढली आणि बाहेर माद्या भिंतीला चिकटून घिरट्या घालताहेत, म्हणजे आत पिल्लं आहेत. दार त्याच संध्याकाळी काढा, भोक मोकळं करा, सहा आठवडे थांबा. यात तडजोड नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकडा कमी न होता तेवढाच राहिला, तर दुसरी वाट आहे आणि ती बहुधा पहिल्या भोकापासून दोन-तीन मीटरवरच असते. पुन्हा तेलकट डाग शोधा. बाहेर पडणारी बाहीतच अडकून फडफडत असतील तर बाही जाड आहे किंवा पाइप सपाट बसलाय. बाहेर गेलेली परत आत दिसत असतील तर जाळी बाजूने सुटली आहे. सगळं बंद झाल्यावरही दोन-चार दिवस लेंड्या पडत राहिल्या तर घाबरू नका, वासे हलले की जुना थर गळतो. जमिनीवर स्वच्छ कागद अंथरून दुसऱ्या दिवशी पाहा. ताज्या लेंड्या काळ्या आणि ओलसर असतात, जुन्या करड्या आणि भुसभुशीत.

साफसफाई

माळ्यावरचा थर खराट्याने कोरडा झाडू नका. त्या धुळीत फुप्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते. एन-95 मास्क, रबरी हातमोजे, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे. फवारणीच्या पंपात पाणी आणि थोडं धुण्याचं साबण घेऊन थर भिजवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पत्र्याच्या सुपलीने गोळा करून दुहेरी पोत्यात भरा. लाकडी माळा निथळेल इतका भिजवू नका. ब्लिचिंग पावडर सुरुवातीला कधीच टाकू नका. मुताच्या अमोनियाशी तिचा संयोग होऊन विषारी वायू निघतो आणि बंद माळ्यावर तो जीवघेणा ठरू शकतो. शेवटी भिंतीला चुन्याची सफेदी द्या, तेलकट वास दबतो. गोळा केलेलं खत चांगलं असतं, नत्र भरपूर. पण ते शेणखताच्या खड्ड्यात मुरवूनच वापरा.

कौलारू माळ्यावर प्रत्येक पाखाला दोन-दोन काचेची कौलं बसवली तर फार फरक पडतो. वटवाघळाला अंधार आणि वारा न लागणारी जागा हवी असते, उजेडाच्या माळ्यावर ते सहसा वस्ती करत नाही.

गोठा आणि गुऱ्हाळघर

गोठ्यात वैरण आणि पाण्याच्या टाकीवर लेंड्या पडणं एवढाच खरा त्रास असतो. सगळी हाकलण्याआधी वैरण हलवून किंवा तिच्यावर कागद बांधून भागतं का पाहा. भागत असेल तर हुमणीच्या भागात ती राहिलेली बरी.

गुऱ्हाळघराचं तसं नाही, तिथे खाण्याचा माल तयार होतो. मे ते ऑक्टोबर चुलवाण, म्हणजे भट्टी, थंड असतं आणि रिकाम्या शेडमध्ये वटवाघळं बस्तान बसवतात. काहिलीखाली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईखाली, पहिला जाळ लागला की उष्णता आणि वाफेने ती सैरावैरा होतात, काही काहिलीत पडतात. म्हणून हंगामाच्या आधी, ऑक्टोबरच्या मध्यानंतर पिल्लं नाहीत हे पाहून एकतर्फी दार लावा आणि मगच चुलवाण पेटवा. तोवर गूळ ओतायच्या वाफ्यावर आणि गुळाचे रवे रचायच्या जागेवर ताडपत्रीचं आच्छादन असू द्या. काहिलीच्या वर मात्र ताडपत्री बांधू नका, ती पेट घेते.

खोलीत एखादं शिरलं तर

पंखा बंद करा, हे पहिलं. पंख्याच्या पात्याने ती मरतात. आतलं दार लावा, बाहेरची खिडकी पूर्ण उघडा, खोलीचा दिवा मालवा आणि बाहेर पडा. अर्ध्या तासात ते सहसा निघून जातं. जमिनीवर पडलेलं असेल तर उघड्या हाताने उचलू नका. वर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि अंधार पडल्यावर झाडाच्या खोडावर माणसाच्या उंचीला डबा टेकवा. छोट्या जातींना सपाट जमिनीवरून झेप घेणं जड जातं, खोडावरून त्या सुटतात. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवा.

चावा किंवा ओरखडा झाला, मग तो कितीही बारीक असो, साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. झोपलेल्या लहान मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तरी डॉक्टरांना सांगा, कारण त्यांचे दात सुईएवढे असतात आणि खूण दिसेलच असं नाही. वटवाघळाने चोखलेलं फळ खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

एकदा काम झालं की दरवर्षी दसऱ्यानंतर, पावसाने कौलं सरकवून झाल्यावर, एक संध्याकाळ वळचणीखाली उभे राहा. त्या वेळी आत दोन-चारच असतात. पिल्लं नाहीत हे पाहून एक पाइप लावला की त्या आठवड्यातच काम उरकतं, मेपर्यंत थांबलात तर आत पुन्हा पिल्लं असतील.